चाकाचा आऊट घरी काढताना

सेलू तालुक्यातील एका खेड्यातून एका शिक्षकांनी विचारणा केली आहे. त्यांची मुलगी नववीत असून ती रोज 4 किलोमीटरवरच्या शाळेत सायकलने जाते-येते. गेल्या दोन महिन्यांत तिच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या. दर वेळी त्यांनी दुकानातून नवी तार टाकून आणि आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून आणला. दुकानातून निघताना चाक अगदी सरळ फिरत होते, तरीही पंधरा-वीस दिवसांत ते पुन्हा ब्रेकच्या रबराला घासू लागले. तालुक्याचे ठिकाण लांब असल्याने हे काम घरीच शिकून करता येईल का, आणि तारा पुन्हा पुन्हा का तुटतात, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. परभणीत सायकल दुरुस्तीच्या कामात माझी एकतीस वर्षे गेली आहेत, त्या आधारावर उत्तर लिहीत आहे.

सर, हे काम घरी निश्चित करता येते. निपलचा (तारेच्या रिमकडच्या टोकावरच्या बारीक नटाचा) पाना, थोडे तेल, खडू आणि एखाद्या रविवारची सकाळ एवढे पुरते. मात्र आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण तारा का तुटतात हे समजून न घेता पाना हातात घेतला, तर दुकानात जे तीनदा झाले तेच चौथ्यांदा आपल्या अंगणात होईल. चाक सरळ होईल, पण ताणले जाणार नाही.

बैलगाडीच्या चाकात तुंब्याखालचा लाकडी आरा गाडीचा भार खांबासारखा अंगावर घेतो. सायकलची तार तसे करू शकत नाही. ती जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची असते आणि दोन टोकांतून दाबली की लगेच वाकते. तिला फक्त ओढता येते. म्हणून सायकलच्या चाकात सगळ्या तारा आधीच जोराने ताणून ठेवलेल्या असतात, आणि सीटवर माणूस बसला की जमिनीकडच्या तीन-चार तारांचा ताण थोडा उतरतो; बाकीच्यांच्या ताणात फारसा फरक पडत नाही. चाक फिरत असल्यामुळे प्रत्येक फेरीत प्रत्येक तारेची पाळी येते: क्षणभर ताण उतरायचा आणि पुन्हा चढायचा. 26 इंची चाकाचा एक फेरा साधारण 2.08 मीटरचा धरला, तर आपल्या मुलीच्या रोजच्या 8 किलोमीटरमध्ये चाक 3,800 हून अधिक फेरे घेते, म्हणजे शाळेच्या पंचवीस दिवसांत जवळपास एक लाख. दोन महिन्यांत एकेक तार दोन लाख वेळा सैल-घट्ट झालेली आहे.

तारेत पुरेसा ताण असेल तर हे दोन लाख हेलकावे ती सहज सोसते, कारण ताण कमी होतो तेव्हाही ती ओढलेलीच राहते आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकात बसलेली तिची वाकडी मान जागची हलत नाही. ताण मुळातच कमी असेल, तर तार प्रत्येक फेरीत पूर्ण ढिली पडते, पुढच्याच क्षणी झटक्याने ओढली जाते आणि तिची मान भोकात पुढे-मागे वाकत राहते. हाताशी पक्कड नसली की आपण बांधणीची तार पुढे-मागे वाकवून तोडतो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा आपल्या चाकाच्या तारा घट्ट असल्यामुळे तुटत नसून सैल असल्यामुळे तुटत आहेत. बहुतेकांचा समज नेमका उलटा असतो, आणि कामाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत माझाही होता. तार तुटलेले चाक आले की शेजारच्या तारा मी मुद्दाम थोड्या ढिल्या करून देत असे, आणि ते गिऱ्हाईक महिन्याभरात परत आले की दोष तारेच्या मालाला देत असे.

सरळ फिरणारे चाक आतून कच्चे कसे असू शकते, हे रस्सीखेचीवरून लक्षात येईल. दोन्ही बाजूंना दोन-दोन पोरे उभी केली तरी मधला रुमाल रेषेवर राहतो आणि दहा-दहा जवान उभे केले तरी राहतो. नुसता रुमाल पाहून दोरीत ताण किती आहे ते कळत नाही. चाकाची रिम म्हणजे तो रुमाल. हबच्या दोन कडांवरून निघालेल्या तारा तिला एक आड एक डावीकडे आणि उजवीकडे ओढत असतात. दोन्हीकडची ओढ सारखी असली की रिम मध्यावर येते, मग ती ओढ 20 किलोची असो की 80 किलोची. घाईत आऊट काढणारा जिथे चाक घासते तिथल्या दोन तारा पिळतो, तिथे सरळ झाले की पुढे सरकतो, आणि शेवटी चाकात चार तारा तंबोऱ्यासारख्या व चार कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या राहतात. असे चाक दुकानाच्या दारापर्यंत सरळ असते. पुढे पाणंदीच्या वाळलेल्या चाकोऱ्या आणि पूल-मोऱ्यांवरचे खड्डे त्याचा निकाल लावतात.

मालाचे वजनही यात हातभार लावते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा टंचाई आमच्याकडेही होतीच, आणि कॅरिअरला दोन बाजूंना कॅन अडकवलेल्या सायकली दिवसभर रस्त्यावर दिसत. 15 लिटरचे दोन कॅन म्हणजे 30 किलो, आणि हा भार जवळजवळ पूर्ण मागच्या चाकावर. त्या दोन महिन्यांत मी तुटलेल्या जितक्या तारा बदलल्या तितक्या एरवी वर्षभरात बदलत नाही. पण तेव्हाही ज्यांची चाके नीट ताणलेली होती त्यांच्या तारा टिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जुन्या काळ्या सायकलींना मागे 40 आणि पुढे 32 तारा असत, त्या याच हिशेबाने. आपल्या मुलीच्या सायकलला बहुधा 36 असतील, त्या एकदा मोजून घ्या.

आता कामाला लागू. सायकल अंगणात उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, खाली बारदान टाका. चाकाला हात लावण्यापूर्वी रिम धरून ती आडवी हलवून पाहा. टकटक असा खेळ जाणवला तर कोन (हबमधल्या छऱ्यांना आवरून धरणारे नट) सैल आहेत, आणि ते नीट केल्याशिवाय तारांना हात लावण्यात अर्थ नाही, कारण हबच डुलत असेल तर आपण मोजणार कशाच्या आधाराने? नंतर चाक हळू फिरवून निपलच्या भोकांभोवती रिमला चीर गेली आहे का ते पाहा. चीर असेल तर रिम बदलावीच लागेल. खड्ड्यात आदळून रिमची कड चेपली असेल तर ती चेप तारांनी निघत नाही, एवढेही ध्यानात ठेवा.

टायर आणि ट्यूब काढून टाका. टायर तसाच ठेवूनही थोडाफार आऊट काढता येतो, पण तीन तारा तुटलेल्या चाकाचे काम मुळापासूनच केलेले बरे, शिवाय रिमवरची पट्टी काढली की निपलच्या बाहेर तारेचे टोक आले आहे का ते दिसते. एकेरी पत्र्याच्या रिममध्ये असे टोक ट्यूबला आतून टोचते, आणि माणूस बाभळीच्या काट्यांना शिव्या देत बसतो. टोक आलेले असल्यास शेवटी कानशीने घासून टाका.

तेल हा दुर्लक्षित भाग आहे. निपल पितळेचे असले तरी तारेचे आटे गंजतात, आणि सुके निपल पिळले की निपल फिरण्याऐवजी अख्खी तारच पिळली जाते. प्रत्येक निपलच्या दोन्ही तोंडांशी, म्हणजे तार आत शिरते तिथे आणि निपल रिमवर टेकते तिथे, मशिनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. गंज जास्त असेल तर तेलात थोडे रॉकेल किंवा डिझेल मिसळून आदल्या रात्रीच सोडून ठेवा. पाना निपलच्या चारही बाजूंना घट्ट बसणारा हवा. आपल्याकडे मिळणाऱ्या गोल पान्याला कडेने वेगवेगळ्या मापांच्या खाचा असतात. त्यातली जी खाच जेमतेम बसते तीच वापरा. मोठ्या खाचेने किंवा पकडीने निपल फिरवले की त्याचे कोपरे गोल होतात, आणि मग ते कशानेही फिरत नाही.

फिरवण्याच्या दिशेचा घोळ सगळ्यांचाच होतो. निपलचे आटे नेहमीच्या उजव्या आट्यांचेच असतात, पण ते कोणत्या बाजूने पाहायचे हा प्रश्न आहे. आपण टायरच्या बाजूने, बाहेरून, स्क्रू-ड्रायव्हर लावून निपल पिळत आहोत असे मनात धरा: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की तार घट्ट होते. तेच निपल चाकाच्या खालच्या भागात असेल आणि आपण वरून, म्हणजे हबच्या बाजूने पाहत असाल, तर हाताची दिशा उलटी होईल. नवशिक्याने सगळे काम चाकाच्या वरच्या भागातल्या निपलांवरच करावे आणि चाक फिरवून प्रत्येक निपल वर आणावे. त्याने हा घोळ मुळातच टळतो.

किती फिरवायचे, हेही आकड्यांत सांगतो. साध्या 2 मिलिमीटर तारेच्या आट्यांवर निपल एक पूर्ण फेरा फिरले की ते साधारण 0.45 मिलिमीटर सरकते. आता 29 सेंटीमीटर लांबीच्या तारेवर 100 किलोचा ताण आला तर ती किती लांबते? तीही जेमतेम तेवढीच. म्हणजे रिम जराही दबली नाही असे धरले, तर निपलचा एकच फेरा तारेला शून्यापासून 100 किलोपर्यंत नेऊ शकतो. प्रत्यक्षात रिम थोडी दबते म्हणून फरक इतका तीव्र पडत नाही, पण ताणलेल्या चाकात अर्धा फेरा हा फार मोठा फेरा आहे, हे यावरून कळावे. पाव फेरा हे आपले माप ठेवा, आणि शेवटी शेवटी त्याच्याही निम्मे.

आता या कामाचा जो गाभा आहे तो डोळ्यांचा नसून कानाचा आहे. व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून चेनच्या बाजूची एकेक तार नखाने छेडत जा. मधली तार दुसऱ्या बाजूची, ती सोडायची. तारा एकमेकींना जिथे ओलांडतात त्याच्या वरच्या, रिमकडच्या तुकड्यावर छेडा, कारण ओलांडणीजवळ त्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि आवाज बुजतो. एका बाजूच्या तारा सारख्या लांबीच्या असल्यामुळे जिचा सूर उंच ती जास्त ताणलेली, जिचा उतरलेला ती सैल, आणि जी नुसती थडथडते तिच्यात ताणच नाही. आपल्या गावात भजनी मंडळ असेल तर एकतारी लावणारा माणूस शेजारी बसवा, तो आपल्यापेक्षा लवकर शिकेल. ताण चौपट झाला की सूर एका सप्तकाने चढतो. सा पासून शुद्ध रे पर्यंतच्या अंतराला ताणात सुमारे सव्वापटीचा फरक असतो. एका बाजूच्या सगळ्या तारा सा आणि रे यांच्या आतल्या आत आल्या, की घरच्या कामाला तेवढी समता पुरेशी आहे. ज्यांना सुराचा कान नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर वाद्य लावण्याची ॲप आहेत, ती इथेही चालतात, मात्र त्यावरच्या आकड्यांची तुलना एकाच चाकाच्या एकाच बाजूच्या तारांमध्येच करावी.

फारच सैल तारेजवळ रिमवर खडूने गोल करा, फारच घट्ट तारेजवळ फुली. मग दुसरी बाजू घ्या. दोन्ही बाजू झाल्या की चाक न फिरवता नुसत्या त्या खुणांकडे पाहा. आपल्या चाकावर, मला जवळपास खात्री आहे, नव्या तीन तारांच्या आसपास फुल्या दाटलेल्या दिसतील आणि उरलेल्या चाकभर गोल पसरलेले असतील.

पहिली फेरी फक्त या खुणा कमी करण्याची. गोल असलेल्या तारा पाव-पाव फेरा घट्ट करा, फुलीच्या पाव-पाव फेरा सैल करा आणि पुन्हा छेडून पाहा. या फेरीत चाक आणखी वाकडे झाले तरी घाबरू नका. ते आधीपासूनच तसे होते, ताणाच्या विषमतेने ते झाकलेले होते.

आता आऊट मोजायचा. त्यासाठी दुकानातल्यासारखे स्टँड लागत नाही. फाटक्या ट्यूबची एक बारीक कडी कापून तिने मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दांडीवर खराट्याची एक काडी आडवी बांधा, असे की काडीचे टोक रिमच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटरवर राहील. चाक सावकाश फिरवा. जिथे रिम काडीकडे येऊन घासते त्या पट्ट्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला खडूची रेघ मारा. सर्वांत मोठ्या वाकापासून सुरुवात करा, आणि तो पूर्ण काढत बसू नका. निम्मा काढा आणि पुढच्या मोठ्या वाकाकडे जा. एकच वाक पहिल्यांदा संपवायला गेलात तर शेजारी दोन नवे तयार होतात.

रिम चेनच्या बाजूला गेली आहे असे समजू. ती परत आणण्याचे दोन मार्ग आहेत: त्या पट्ट्यातल्या मोकळ्या, म्हणजे चेन नसलेल्या, बाजूच्या तारा घट्ट करायच्या, किंवा चेनच्या बाजूच्या तारा सैल करायच्या. रिम दोन्हींनी सारखीच सरकते. टिकाऊ काम आणि दारापर्यंतचे काम यांतला फरक नेमका इथे पडतो, आणि निर्णय पुन्हा कानानेच घ्यायचा आहे. पट्ट्यातल्या तारा छेडा. मोकळ्या बाजूच्या तारांचा सूर बाकीच्या भावंडांपेक्षा उतरलेला असेल तर त्या घट्ट करा. त्या ठीक असून चेनच्या बाजूच्या चढलेल्या असतील तर त्या सैल करा. दोन्हीकडचे सूर योग्य असूनही रिम बाजूला गेली असेल तर ती रिमच मुळात थोडी वाकलेली आहे. मग एकीकडे आठवा भाग फेरा घट्ट आणि दुसरीकडे तेवढाच सैल, असा तोल साधा. या पट्ट्याच्या मधल्या तारेला पाव फेरा दिलात तर कडेच्या तारांना त्याच्या निम्मा द्या, म्हणजे रिम एका जागी खोचल्यासारखी न होता सलग वळते. हा एक नियम पाळला तर ताण आणि सरळपणा एकत्रच सुधारत जातात. पाळला नाही, तर प्रत्येक दुरुस्तीबरोबर सरळपणा वाढतो आणि समता घटते, आणि आपण जिथून निघालो तिथेच येऊन पोहोचतो.

पीळ बसण्याचा मुद्दा वर येऊन गेला. घट्ट तारेचे निपल फिरवताना तार स्वतःही थोडी पिळली जाते, आणि रस्त्यावर पहिल्याच खड्ड्याला ती उलटी सुटून आपले काम पुसून टाकते. एका-दोघा तारांवर कागदी चिकटपट्टीचे बारीक निशाण लावून पाहा, पिळताना ते वळलेले स्पष्ट दिसेल. उपाय सोपा आहे: पाव फेरा हवा असेल तर पाना थोडा पुढे न्या आणि निशाण मूळ जागी येईपर्यंत मागे आणा.

बाजूचा आऊट मिलिमीटरभर राहिला की उभा आऊट पाहा, म्हणजे चाक फिरताना वर-खाली उडते का. काडी आता रिमच्या बाहेरच्या कडेसमोर आडवी बांधा. जिथे रिम बाहेर येते तिथल्या दोन्ही बाजूंच्या शेजारशेजारच्या तारा जोडीने, सारख्याच मापाने घट्ट करा. जिथे आत गेली असेल तिथे जोडीने सैल करा. जोडी पाळली की बाजूचा आऊट फारसा बिघडत नाही. रिमच्या सांध्यावर वेल्डिंगचा एक उंचवटा असतो, त्याच्या मागे लागू नका. जुन्या काळ्या सायकलींचा ब्रेक रिमला बाजूने न धरता हबकडच्या बाजूने, आतून दाबतो, त्यामुळे त्या चाकात उभा आऊट अधिक त्रास देतो आणि बाजूचा थोडा चालून जातो. आपल्या सायकलला बाजूने धरणारा ब्रेक असल्याने हिशेब उलटा आहे.

रिम मध्यावर आहे का, हे चेन काढून, चाक उलट-सुलट करून बसवले की कळते. एका बाजूने काडीचे जे अंतर येते तेच दुसऱ्या बाजूने आले पाहिजे. फरक असेल तर एका बाजूच्या सर्व तारा सारख्याच थोड्या घट्ट आणि गरजेप्रमाणे दुसरीकडच्या सैल कराव्यात. मागच्या चाकात फ्रीव्हीलला (ज्यावर चेन बसते त्या दातेरी चकतीला) जागा देण्यासाठी हबची चेनकडची कड थोडी आत घेतलेली असते, म्हणून चेनच्या बाजूचा ताण मोकळ्या बाजूपेक्षा अधिक असणे हा दोष नव्हे. गिअरच्या सायकलीत हा फरक बराच मोठा असतो. दोन्ही बाजूंचा सूर एक करण्याचा प्रयत्न करू नका.

आता एकूण ताण चढवायचा. व्हॉल्व्हपासून सुरुवात करून चाकातल्या प्रत्येक निपलला पाव फेरा द्या, पुन्हा व्हॉल्व्हपर्यंत या, आऊट तपासा. मग दोन्ही हातांनी, हातावर जाड फडके घेऊन, एका बाजूच्या जवळपास समांतर जाणाऱ्या दोन तारा मुठीत जोराने आवळा. असे पूर्ण चाकभर, दोन्ही बाजूंनी करा. टिंग-टिंग आवाज येतील, ते उरलेला पीळ सुटल्याचे. या आवळण्याने तारेवर क्षणभर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो, तिची मान हबच्या कडेवर नीट बसते आणि मानेत बनावटीच्या वेळचा साठलेला ताण निघून जातो. हे दोन मिनिटांचे काम टाळले जाते म्हणून नवी तार लवकर तुटते. आपल्याकडे टाकलेल्या तीन तारांना कोणी असे आवळले असेल असे मला वाटत नाही.

आवळून झाले की पुन्हा आऊट पाहा. थोडा बिघडला असेल तर काढा आणि आणखी पाव फेऱ्याची एक फेरी द्या. कुठे थांबायचे? ताणमापक यंत्र असते, आणि दुहेरी पत्र्याच्या ॲल्युमिनियम रिममध्ये साधारण 100 किलोच्या आसपास ताण ठेवतात, पण साध्या लोखंडी रिमला तेवढे सोसेलच असे नाही. यंत्र नसेल तर तशाच प्रकारच्या, न तुटणाऱ्या एखाद्या चाकाच्या तारा छेडा आणि आवळून पाहा. आपल्या चाकाचा सूर त्याच्या जवळ आला की पुरे. जास्त ताणाची खूणही चाक स्वतःच देते. आवळल्यानंतर रिमला एकदम दोन मोठे, समोरासमोरचे वाक आले तर ती सोसण्याच्या पलीकडे गेली आहे, आणि लगेच सर्व तारा अर्धा-अर्धा फेरा सैल केल्या पाहिजेत. 'सैल तारा तुटतात' हे नवेनवे कळले तेव्हा मी एका मालवाहू सायकलचे चाक उत्साहाने पिळत गेलो आणि आवळायला घेतले, तर रिम माझ्या हातातच भाजलेल्या पापडासारखी वळली. त्या रिमचे पैसे मीच भरले.

चाक इतके करूनही सूर जुळत नसतील, म्हणजे सरळ ठेवायचे तर दोन तारा ढिल्याच सोडाव्या लागत असतील, तर सगळ्या तारा सैल करून रिम एकदा शहाबादी फरशीवर आडवी टेकवून पाहा. ती 3 मिलिमीटरहून जास्त उचलली जात असेल तर नवी रिम घ्या. लोखंडी रिम पायाने दाबून किंवा ठोकून थोडी सरळ होते, हे मला ठाऊक आहे आणि अडचणीत मीही केले आहे, पण शाळेत जाणाऱ्या मुलीच्या चाकाला मी ते सुचवणार नाही.

यापुढे एखादी तार तुटलीच तर मोकळ्या बाजूची तार आपल्याला घरी घालता येईल. रिमवर मोजत चौथी तार हुबेहूब तशीच गुंफलेली असते, तिच्याकडे पाहून नवी तार ओवा. लांबी मानेच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजून तेवढीच आणा. लांब तार घेऊन टोक कापण्याचा उद्योग नको. चेनच्या बाजूच्या तारेसाठी फ्रीव्हील काढावे लागते, आणि त्याला त्याच्या खाचांचा खास पाना व शिकंजा लागतो, म्हणून ते काम दुकानातच करा. रस्त्यात तार तुटली तर तुटलेला तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळावा, आणि रिम ब्रेकला फार घासत असेल तर तुटलेल्या तारेच्या दोन्ही शेजारणींना अर्धा-अर्धा फेरा सैल करून घरी यावे. घरी आल्यावर तो अर्धा फेरा परत द्यायचा, हे मात्र खडूने फ्रेमवर लिहून ठेवा.

काम केल्यानंतर आठवड्याने एकदा आणि मग महिन्याने एकदा तारा छेडून पाहा. परभणीला येणे झाले तर पूर्ण सायकल एसटीवर चढवण्याची गरज नाही, चाक तेवढे आणा आणि त्या तीन तुटलेल्या तारा जपून ठेवल्या असतील तर त्याही आणा. त्यांचे तुटलेले टोक उन्हात धरून पाहिल्यास एका बाजूला गुळगुळीत, काळपट चकती आणि उरलेल्या भागात खरखरीत, ताजी चकाकी दिसेल. काळपट भाग म्हणजे आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढलेली चीर आणि चकाकणारा भाग म्हणजे शेवटच्या दिवशी एका झटक्यात तुटलेला. तिन्ही तारा मानेपाशी अशाच तुटलेल्या असतील तर वर लिहिलेले सर्व आपल्या चाकाला लागू आहे. पण एखादी निपलजवळ आट्यांत तुटलेली असेल, तर सुक्या निपलवर पाना चालवला गेला आहे आणि तेव्हा मला सगळीच निपले एकदा काढून पाहावी लागतील.